हाताखाली हात
(लेकीच्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंना पत्र)

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या लेकीला काहीच करायला लावलं नाहीत. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. तिला डाउन सिंड्रोम आहे हे कळल्यावर तोवर प्रत्येकाने टेबलावर ठोकळे मांडून "लाल कुठला?" इथूनच सुरुवात केली होती. तुम्ही जमिनीवर बसलात, पाऊण तास तिला नुसतं न्याहाळलंत आणि मग मला विचारलंत, "हिचे कान आणि डोळे शेवटचे कधी तपासले?"

जन्मानंतर तपासले होते, ते शेवटचे. हाक मारली की ती कधी वळायची, कधी नाही. घरात सगळे म्हणायचे, हिला मनात असलं की बरोबर ऐकू येतं. मीही म्हणायचे. तपासणीत कळलं की कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साठलंय. कान आणि घसा जोडणारी नळी या मुलांमध्ये बहुधा अरुंद असते, पाण्याचा निचरा होत नाही. सर्दी झाली की ते वाढतं, ओसरली की कमी होतं, आणि ऐकूही त्याच हिशेबाने कमीजास्त येतं. ज्याला आम्ही हट्ट म्हणत होतो तो हा होता. तिच्यावर किती वेळा ओरडले असेन, ते आठवलं की अजून घशात दाटून येतं.

डोळ्यांचंही तेच. लांबचं बरं दिसायचं, जवळचं धूसर. डाउन सिंड्रोमच्या बऱ्याच मुलांचे डोळे जवळच्या वस्तूवर नीट स्थिरावत नाहीत, म्हणून त्यांना बायफोकल, म्हणजे एकाच काचेत लांबचं आणि जवळचं असे दोन नंबर असलेला, चष्मा देतात, हे मला तुमच्याकडून कळलं. चष्मा लावल्यावर तिने सगळ्यात आधी स्वतःचा तळहात पाहिला. उलटा, सुलटा, पुन्हा उलटा. चित्रांची पुस्तकं ती का फेकून द्यायची, ते मला त्या दिवशी कळलं.

"हिला काय समजतं ते नंतर बघू. आधी हिच्यापर्यंत काय पोचतंय ते बघू." हे तुमचं वाक्य मी तिच्या नोंदींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मग हातांकडे वळलात. ओली, चिकट, खरखरीत कुठलीही वस्तू दिसली की ती मुठी घट्ट मिटायची. मी तिचा हात धरून त्या वस्तूवर ठेवायचे, कारण मला तसंच दाखवलं गेलं होतं. तुम्ही माझा हात हलकेच बाजूला केलात आणि तुमचा हात तिच्या हाताखाली घातलात. मातीच्या गोळ्याला तुमची बोटं लागली, तिची तुमच्या बोटांवर होती. कधी उतरायचं ते तिने ठरवायचं. आठ दिवस ती उतरलीच नाही आणि तुम्हाला त्याची घाई नव्हती. नवव्या दिवशी करंगळी घसरली, मातीला टेकली आणि तिथेच राहिली. मला रडू आलं, तेव्हा तुम्ही खुणेनेच गप्प राहायला सांगितलंत. बोलले असते तर तिचं लक्ष मोडलं असतं.

एका वेळी एकच, हेही तिथेच शिकले. हात काम करत असताना गाणं नको, शाबासकीही नको. काही विचारलं की मनात दहा आकडे मोजायचे, मगच पुन्हा विचारायचं. सातव्या-आठव्या आकड्याला ती उत्तर देते, आणि मी वर्षानुवर्षं तिसऱ्यालाच तोंड उघडत होते.

हलका स्पर्श तिला दचकवतो, घट्ट दाब शांत करतो. तुम्ही हे सांगितल्यापासून नखं कापताना आधी एकेक बोट नीट दाबून घेते. पूर्वी त्यासाठी दोन माणसं लागायची. झोक्याचंही तसंच. हळू, पुढे-मागे झुलवलं की ती निवते; गोल फिरवलं की अंगात वारं शिरतं आणि रात्रभर डोळा लागत नाही. आतल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कसं वळतंय ते टिपत असतात, हे तुम्ही हातातल्या दोरीची वळणं करून समजावलंत. ज्या घरात कायम "मेंदूचा प्रश्न आहे" एवढंच ऐकायला मिळालं, तिथे असं समजावून सांगणाऱ्या माणसाची किंमत मला विचारा.

एकदा मी कुरबुरले होते, की खरखरीत-गुळगुळीत पट्ट्या म्हणजे तान्ह्या बाळांचे खेळ झाले. तुम्ही मारिया मॉन्टेसरींची गोष्ट सांगितलीत. 1907 मध्ये रोममध्ये त्यांनी आपलं बालगृह सुरू केलं, पण त्याआधी त्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर काम करत होत्या. त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, फ्रेंच शिक्षणतज्ज्ञ एदुआर सेगँ यांनी अशाच मुलांसाठी इंद्रियांचं शिक्षण रचलं होतं. आज जगभरच्या बालवाड्यांत ज्या साधनांचं कौतुक होतं, त्यांची वाट आपल्या मुलांच्या हातांतून गेली आहे. त्या संध्याकाळी मी त्या पट्ट्या पुसून कपाटात वरच्या कप्प्यात ठेवल्या.

आणखी एका गोष्टीसाठी मनापासून आभार. तुम्ही आशेचा बाजार मांडला नाहीत. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन आयर्स यांच्या संवेदी एकात्मतेच्या, म्हणजे स्पर्श, तोल, आवाज अशा संवेदनांची मेंदू सांगड कशी घालतो या विचारावर तुमचं काम उभं आहे, तरी त्या उपचारांचा नेमका किती उपयोग होतो यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत. "हिची बुद्धी वाढवायला मी बसलेले नाही. तिला दिवस सोपा जावा म्हणून बसले आहे. तीन महिन्यांत घरी काही फरक दिसला नाही, तर मी पद्धत बदलेन." तुमच्यावर माझा विश्वास बसला तो या बोलण्यामुळे. आणि दोन खेळ तुम्ही खरंच बंद केलेत, कारण वहीत त्यांच्या पुढे काहीच लिहिण्यासारखं नव्हतं.

तिसरी वही सोबत पाठवते आहे, भरली. शेवटचं पान आधी वाचा. मंगळवारी तिच्या धाकट्या मावसभावाने मातीला हात लावायला नकार दिला. तिने त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं, आणि आपला हात त्याच्या हाताखाली सरकवला.

वही वाचून परत द्या.

तुमची,
तिची आई