गच्चीवर तू सगळ्यात शेवटी हसलास

बाळा,
समोर बसून बोलायला गेले की तू मोबाईल उचलतोस आणि मीपण विषय बदलते, म्हणून लिहून पाठवतेय, पूर्ण वाच.

परवा रात्री पोहे घेऊन गच्चीवर येत होते तेव्हा तुमच्यातला कोणीतरी भंवरकुआच्या कोचिंगमधल्या मुलींबद्दल बोलत होता, कोणाचं कुठपर्यंत गेलं वगैरे, आणि मग तुला विचारलं, "तुझं काय, अजून काहीच नाही?" सगळे हसले, तू सगळ्यात शेवटी हसलास. नंतर मी पोहे दिले तर तू नुसता चमच्याने शेव एका बाजूला सारत बसलास. ते हसू तुझं नव्हतं रे.

अशा ग्रुपमध्ये बरेचजण फेकतात. ज्यांचं काहीच झालेलं नसतं ते गप्प बसतात, म्हणून आवाज फेकणाऱ्यांचाच येतो आणि प्रत्येकाला वाटतं आपणच मागे राहिलो. 2005 साली अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोघांनी एक प्रयोग छापला होता, व्हिडिओ गेममध्ये गाडी चालवायची. 13 ते 16 वर्षांची मुलं एकटी असताना जेवढी रिस्क घ्यायची त्याहून कितीतरी जास्त मित्र बघत असताना घेत होती, चोविशीच्या पुढच्यांना मात्र मित्र असले काय नसले काय, फारसा फरक नाही. मला आपल्या रिंग रोडवरची ट्रिपल सीट पोरंच आठवली. स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, त्यात तुझा दोष नाही, पण म्हणूनच असलं काही चार जणांसमोर ठरवू नकोस.

मोबाईलवर जे बघता त्यात कोणी कोणाला विचारत नाही, कोणी घाबरत नाही, ती अ‍ॅक्टिंग आहे. खरी मुलगी गप्प राहिली तर ते हो नसतं. आणि लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात 18 च्या आतल्या मुलीने हो म्हटलं तरी ते धरत नाहीत.

ताईला सातच्या आत घरी बोलवायचो आणि तुला काहीच विचारलं नाही, ते आमचं चुकलं. कोणी आवडत असेल तर आवडू दे, त्यात काही वाईट नाही. काही होऊन गेलं असेल, भीती वाटत असेल, तर रात्री दोनला पण उठव मला, आधी ऐकून घेईन.

बाबांना माहितेय मी हे लिहिलंय. गच्चीवरचं लिहीच असं त्यांनीच सांगितलं, नाहीतर तुला वाटेल आई कुठलंतरी वाचून लेक्चर देतेय.

आई