डेल्सवाल्या काकांना मनापासून थँक्यू

प्रिय काका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितेय. नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही, पण शिकागोच्या दक्षिणेला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना कळेलच कोण ते.

माझ्या नववीतल्या लेकीला शाळेत आपल्या भागातल्या कशाचा तरी इतिहास लिहायचा होता आणि तिने स्वतःहून डेल्स हा पाच गायकांचा जुना ग्रुप निवडला. हार्वे गावातल्या थॉर्नटन टाउनशिप हायस्कूलची ही मुलं, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला एकत्र गायला लागली, तेव्हा नाव होतं एल-रेज. एवढ्या जवळचं गाव आणि तिच्या वर्गात कुणी नावही ऐकलेलं नाही! मदत मागायला गेलो तर एका ठिकाणी ई-मेलला उत्तर नाही, फोन केला तर "वेबसाइट बघा". एका मोठ्या माणसाने पोरीला तोंडावर सांगितलं की त्यापेक्षा टेम्प्टेशन्स या गाजलेल्या ग्रुपवर लिही, निदान लोक ओळखतात तरी. आणि आपलीच माणसं, त्याचं जास्त लागलं मला, "हार्वेला कशाला जाताय, एरिया चांगला नाही", "तिकडच्या लोकांचं म्युझिक कशाला, आपलं काय कमी आहे का". आपलं काहीच कमी नाही हो, पण ती जन्मली इथे, वाढली इथे, तिला इथलं जाणून घ्यावंसं वाटलं तर त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे? शेवटी हिरमुसून म्हणाली, आई विषयच बदलते.

तेव्हा कुणीतरी तुमचा नंबर दिला आणि तुम्ही काही न विचारता "शनिवारी जेवायलाच या" म्हणालात. सत्तरच्या दशकात तुम्ही या देशात आलात, इथे ओळखीचं कुणी नाही, आणि गाडीत लावायचात डब्ल्यूव्हीओएन, शिकागोच्या काळ्या वस्तीचं रेडिओ स्टेशन. ते स्टेशन १९६३ मध्ये चेस या रेकॉर्ड कंपनीच्या मालक बंधूंनी विकत घेतलं होतं आणि डेल्सच्या गाजलेल्या रेकॉर्ड त्याच चेसच्या कॅडेट लेबलवर निघाल्या, हे तुमच्याकडून कळलं. १९५६ ला 'ओह, व्हॉट अ नाइट' व्ही-जे या रेकॉर्ड कंपनीकडे गाजलं, बिलबोर्डच्या आर अँड बी यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं. १९५८ ला गाडीचा अॅक्सिडेंट झाला, ग्रुपमधले मिकी मॅकगिल जबर जखमी, ग्रुप थांबला, १९६० मध्ये पुन्हा जमले तेव्हा जॉनी फंचेसच्या जागी फ्लेमिंगोज या दुसऱ्या ग्रुपमधून जॉनी कार्टर आले. आणि तिथून २००९ मध्ये कार्टर गेले तोपर्यंत तेच पाच जण, एकही बदल नाही! हे सांगताना तुमचा आवाज चढला होता काका. मधल्या काळात गायिका डायना वॉशिंग्टनच्या मागे कोरसला उभे राहिले, व्ही-जे बुडाली, पण हे टिकून राहिले.

पण हे सगळं तिने वाचून काढलंच असतं. मी लिहितेय ते त्या सुईबद्दल.

'स्टे इन माय कॉर्नर' लावलंत तुम्ही, १९६८ चं, सहा मिनिटांहून मोठं, जेव्हा रेडिओवर तीन मिनिटांचीच गाणी चालायची तेव्हाचं. लेक म्हणाली सगळे आवाज एकच वाटतायत. मी लगेच मोबाइल काढला, म्हटलं काका तुम्ही नका उठू, यूट्यूबवर लावते. तुम्ही हातानेच मला थांबवलंत. गुडघे धरत खाली रेकॉर्ड प्लेअरपाशी बसलात आणि म्हणालात, "आता फक्त खालचा आवाज पकड, बाकी सगळं सोडून दे." तो चक बार्क्सडेल. सुई उचलली, मागे नेली. "आता सगळ्यात वरचा." तो कार्टर. परत मागे. मग मधले दोघं, व्हर्न अॅलिसन आणि मिकी मॅकगिल, ते तिला काही केल्या सापडेनात, आणि तुम्ही परत परत सुई मागे नेत होतात, हात थरथरतोय, पण रेकॉर्डवर ठेवताना एकदासुद्धा खरखर नाही. एकेक आवाज सापडला की तुम्ही एकेक बोट मिटायचात. शेवटचं बोट मुख्य गायक मार्विन ज्युनियर, ते एक स्वर लांबवर धरून ठेवतात ती जागा आल्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसतं तिच्याकडे बघितलंत, आणि पोरीने आपसूक श्वास रोखून धरला होता. काकू स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारून गेल्या, आमटी गार झाली, तुम्ही उठला नाहीत.

एवढ्या आवडीची रेकॉर्ड, झिजेल म्हणून लोक हात लावू देत नाहीत. आणि तुम्ही एका नववीतल्या मुलीसाठी, जिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं तिच्यासाठी, असे बसलात. इतके दिवस मोठी माणसं तिला वाटेला लावत होती, तुम्ही तिला पूर्ण वेळ दिलात. डेल्सच्या पोरांनाही सुरुवातीला मूनग्लोजवाल्यांनी हार्मनी शिकवली होती म्हणे, स्वतः नावाजलेला ग्रुप असून या नवशिक्यांना वेळ दिला. अशी माणसं असतात म्हणून पुढचे उभे राहतात, मी तरी तुमच्याकडे बघून हेच म्हणेन. मला त्या दिवशी नीट बोलता आलं नाही, गाडीत बसल्यावर रडले, आत्ता लिहितानाही डोळे भरून येतायत.

प्रोजेक्ट झाला, मार्क चांगले मिळाले, ते ती स्वतः सांगेल. तिच्या निबंधातली एक ओळ मात्र सांगते, तिने लिहिलंय की २००४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने डेल्सना घेतलं, मग आमच्या शाळेत त्यांचा एक तरी फोटो का नाही. हे तिने वर्गात उभं राहून वाचलं!

आता पुढच्या शनिवारी मैत्रिणींना घेऊन यायचं म्हणतेय, चालेल ना? पाच जणी आहेत, प्रत्येकीला एकेक आवाज वाटून दिलाय, पण चक बार्क्सडेलचा बेस घ्यायला कुणी तयार नाही, तेवढं तुम्ही समजवा. काकूंना सांगा, जेवण मी करून आणतेय, त्यांनी काही करायचं नाही.

तुमची,
डेल्सवालीची आई