अण्णांना गोळी न देणाऱ्या मेडिकलवाल्या काकांना

काका, नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या ओ" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळता, म्हणून लिहूनच टाकते. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहितेय कारण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी हेच चालू आहे, गुडघा दुखला गोळी, कंबर दुखली गोळी, चिठ्ठी कुणी मागत नाही आणि कुणी दाखवत नाही.

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, अख्खं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभं राहून गेलं, गुडघे दुखणारच. एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉलची ती एकत्र गोळी ते कधीपासून घेतायत त्यांनाच आठवत नाही. तुमच्याकडं मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात देत नाही, आधी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन या. अण्णा चिडले, गोळी तर दुसरीकडंही मिळते म्हणाले, पण मी पिशवी घेऊन आले आणि तुम्ही दुकानात गर्दी असताना एकेक पाकीट उलटं करून वाचलंत. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी जास्त करणारं औषध, वर शुगरची गोळी, वर ही दुखण्याची. मग विचारलंत, यांचं क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) कधी तपासलंय का, लघवीतलं प्रोटीन? कधीच नाही. इतकी वर्षं बीपी आणि शुगर असून एकदाही नाही, आणि किडनी खराब व्हायची सगळ्यात मोठी दोन कारणं हीच.

तुम्ही तेव्हा जे समजावलंत ते मी आता सगळ्यांना सांगते. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या असतात, तिथं रक्त आत आणणारी एक नळी आणि बाहेर नेणारी एक, शेतातल्या ठिबकला जसं प्रेशर लागतं तसं इथंही लागतं. दुखण्याच्या गोळीतल्या एसिक्लोफिनॅकनं आत येणारी नळी आकसते, टेल्मिसार्टननं बाहेर जाणारी सैल होते, लघवीच्या औषधानं अंगातलं पाणी कमी होतं, आणि तिन्ही एकदम झालं की प्रेशरच पडतं. त्यात आपलं सोलापूर, एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर, पत्र्याच्या शेडमध्ये घामानं निथळणारा माणूस. कुठं दुखत नाही, लघवी नेहमीसारखी होते, माणसाला काही कळत नाही. अण्णांना पण काहीच त्रास नव्हता, नुसता लघवीला फेस यायचा आणि संध्याकाळी पाय सुजायचे, ते उभं राहून सुजतात असंच आम्ही समजायचो.

रिपोर्ट आला, क्रिएटिनिन १.९. लॅबवाला म्हणाला थोडं वाढलंय. तुम्ही म्हणालात नुसत्या क्रिएटिनिनवर जाऊ नका, वय धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, बघा, आणि ६२ व्या वर्षी १.९ म्हणजे ईजीएफआर साधारण ३९. ९० च्या वर असायला पाहिजे ते ३९! मी दुकानातच रडायला लागले, डायलिसिस, डायलिसिस एवढंच डोक्यात. तेव्हा तुम्ही स्टूल दिलंत आणि सांगितलंत की डायलिसिसचा विषय बहुतेक वेळा ईजीएफआर १५ च्या खाली गेल्यावर येतो, तोही लक्षणं बघून, हा तिसरा टप्पा आहे, आणि यातलं किती कायमचं आणि किती गोळ्यांमुळं तात्पुरतं हे आज कुणीच सांगू शकत नाही. किडनीच्या डॉक्टरांकडं जा, इथं मेडिकलवाल्याचं काम संपलं. हे शेवटचं वाक्य मला फार मोठं वाटतं काका.

डॉक्टरांनी पण तेच सांगितलं. दुखण्याची गोळी बंद, गुडघ्याला शेक, व्यायाम आणि लागलंच तर साधं पॅरासिटामॉल. तीन महिन्यांनी परत तपासणी, कारण क्रॉनिक, म्हणजे मुरलेला आजार, म्हणायला बिघाड तीन महिन्यांच्या वर टिकलेला असावा लागतो. सोनोग्राफी केली. लघवीत अल्ब्युमिन (तेच ते प्रोटीन) ३० च्या आत हवं ते १८० निघालं. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन १.६, ईजीएफआर ४८. म्हणजे काही परत आलं आणि काही गेलंय ते गेलंय, आजार आहेच, पण आता तो हळूहळूच पुढं सरकेल असं बघायचं. बीपी १३०/८० च्या खाली, शुगर ताब्यात, सोबत डॅपाग्लिफ्लोझिन हे शुगरचं आणि किडनीलाही जपणारं औषध सुरू केलंय, शुगरच्या जुन्या गोळीचा डोस ईजीएफआर बघून कमी केलाय.

मधे एक मोठा गोंधळ झाला. पाहुण्यातल्या एकांनी सांगितलं बीपीच्या गोळ्यांनीच किडनी जाते, बंद करा, आणि अण्णांनी केली पण. तुम्ही त्यांना थांबवून बसवलंत आणि सांगितलंत की टेल्मिसार्टन किडनीला वाचवणारं औषध आहे, लघवीतून जाणारं प्रोटीन त्यानंच कमी होतं, भांडण होतं ते त्या दुखण्याच्या गोळीशी जोडी लागल्यावर. फक्त उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं तर त्या दिवसांत कुठल्या गोळ्या थांबवायच्या ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं. अण्णा माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकलं.

आणि ते मीठ! आईनं कौतुकानं "लो सोडियम" मीठ आणलेलं, किडनीला चांगलं म्हणून. तुम्ही पुडा हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलंत, पोटॅशियम क्लोराइड. किडनी कमजोर, त्यात टेल्मिसार्टन, पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. किती घरात हा पुडा असेल काय की. आता साधंच मीठ, दिवसाला सगळं मिळून एक चहाचा चमचा, ५ ग्रॅमच्या आत. पापड, लोणचं बंद. शेंगाची चटणी बंद केली असती तर अण्णांनी घर सोडलं असतं, डाएटच्या मॅडमनी कडक भाकरीबरोबर थोडीशी, घरी कुटलेली, मीठ अगदी कमी, एवढी परवानगी दिलीय. खूप पाणी पिऊन किडनी धुऊन निघते हे पण खोटं निघालं, तहान आणि डॉक्टर सांगतील तेवढंच. काढे आणि भस्मं सांगणारे तर रोज भेटतात, आम्ही हात जोडतो.

काका, एक गोळ्यांचं पाकीट विकलं असतं तर तुम्हाला कुणी काही म्हणालं नसतं. तुम्ही गिऱ्हाईक चिडवून घेतलंत आणि माझ्या वडिलांची किडनी वाचेल तेवढी वाचवलीत. मनापासून, अगदी मनापासून आभार.

आमच्या गल्लीत बीपी-शुगर असलेल्यांना मी मागं लागून रक्त आणि लघवी तपासायला लावलीय. शेजारच्या मावशींच्या लघवीत प्रोटीन निघालंय, क्रिएटिनिन अजून नॉर्मल आहे. डॉक्टरांची वेळ घेतलीय, पण त्या पण गुडघ्यासाठी काहीतरी घेतात आणि नाव सांगत नाहीत. उद्या संध्याकाळी त्यांना पिशवी घेऊन तुमच्याकडं पाठवतेय, जरा बघा.

तुमची,
अण्णांची थोरली लेक