‘ग्रेट ब्रिटन’ वाचली, आपल्या बोटींचे काय?

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

एका जहाजाचा पुनर्जन्म वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रापासून सुरू झाला, म्हणून हे निवेदन आपल्याच सदरातून करीत आहे. नौकाबांधणीतज्ज्ञ इवान कॉर्लेट यांनी नोव्हेंबर 1967 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ला पत्र लिहून, फॉकलंड बेटांजवळ उथळ पाण्यात गंजत पडलेली ‘एसएस ग्रेट ब्रिटन’ ही बोट वाचवावी, असे आवाहन केले. 1970 मध्ये, तिच्या बाजूच्या पत्र्याला पडलेल्या मोठ्या भेगेत बेटावरील लोकांनी दिलेल्या गाद्या कोंबून, ती तराफ्यावर चढवून अटलांटिक पार करून इंग्लंडमधील ब्रिस्टलला आणली गेली आणि ज्या गोदीत ती बांधली गेली होती, त्याच गोदीत परत विसावली.

नुकताच ती पाहण्याचा योग आला. ब्रिटिश अभियंता ब्रुनेल यांनी घडवलेली, 1843 मध्ये पाण्यात उतरलेली ही लोखंडी, पाण्याखालच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) चालणारी बोट तेव्हा जगातील सर्वांत मोठी होती. ऑस्ट्रेलियाला स्थायिक होण्यासाठी निघालेले हजारो उतारू तिने नेले; 1861 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेलेला पहिला इंग्लिश क्रिकेट संघही तिच्यातूनच गेला. आपला संबंध मात्र वेदनादायक आहे. 1857 च्या उठावाच्या वेळी सतरावी लान्सर्स ही घोडदळाची पलटण याच बोटीने मुंबईला आली आणि पुढे येवल्यात जन्मलेल्या तात्या टोप्यांच्या पाठलागावर गेली. त्या अरुंद जिन्यांवरून उतरताना हे सतत मनात येत होते.

सजवलेल्या भोजनगृहापेक्षा मला मोलाची वाटली ती खालची सुकी, म्हणजे पाणी काढून टाकलेली, गोदी. बोटीभोवती पाणीरेषेच्या पातळीवर काच बसवून तिच्यावर पाण्याचा पातळ थर सोडला आहे. त्या काचेखाली उतरले की गंजाने चाळण झालेला पत्रा हाताच्या अंतरावर दिसतो. लोखंडात मुरलेल्या समुद्राच्या मिठामुळे गंज वाढू नये, म्हणून तेथील हवेतील आर्द्रता यंत्रांनी 20 टक्क्यांच्या आसपास राखली जाते. रंगरंगोटी एकदा करून भागते. हे काम मात्र रोजचे आहे आणि त्याचा खर्चही रोजचा आहे.

आपले घोडे नेमके येथेच पेंड खाते. 1971 च्या युद्धात कामगिरी बजावलेली पहिली ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती; पण 2012 मध्ये ते बंद झाले आणि 2014 मध्ये मुंबईतील दारूखाना या जहाजतोडणीच्या भागात ती तोडली गेली. कोकणची समुद्रमार्गे होणारी उतारू वाहतूक तर त्याआधीच इतिहासजमा झाली. हर्णै, जयगड, विजयदुर्गपाशी पडावातून (छोट्या होडीतून) बोटीवर चढलेली पिढी आता वृद्ध झाली आहे, आणि ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या बोटींची नावे नव्या मुलांना ठाऊकही नाहीत.

म्हणून राज्य सरकारला आणि बंदर खात्याला विनंती आहे की, या बोटींची छायाचित्रे, तिकिटे, घंटा, यंत्रांचे सुटे भाग, जे कुणाच्या घरी किंवा गोदामात उरले असेल, ते गोळा करून रत्नागिरी किंवा मालवण येथे एक कायमचे दालन उभारावे. तसेच यापुढे एखादे जुने जहाज जतन करायचे ठरल्यास उद्घाटनाची तारीख जाहीर करण्यापूर्वी त्याच्या देखभालीचा स्वतंत्र निधी मंजूर करावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी