अण्णा, तुम्ही टाचा बघत होता

वडगाव, बेळगाव

आदरणीय अण्णांना सा. नमस्कार,

तुम्ही पुण्याला लेकाकडं जाऊन चार महिने झाले. फोनवर तुम्ही आधी दोरीची चौकशी करता, मग माझी. मी "चाललंय की" म्हणतो आणि फोन ठेवतो. तोंडावर आभार मानायला मला जमत नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. गल्लीतल्या पोरांनीही वाचू दे.

रस्सीखेच म्हणजे आम्हाला जत्रेतली गंमत वाटायची. आठ गडी गोळा करायचे, त्यातले चार नुकतेच जेवून उठलेले. त्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत दोन्ही खेपेला आम्हाला चार मीटर फरफटत नेलं. घरी येताना आठही जणांनी दोष चपलांना दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तुम्ही माझ्या दारात. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून हातात काठी. "उठलास काय?" एवढंच विचारलंत. मागावरची रात्रपाळी करून मी नुकता आडवा झालो होतो. राग आला. पण अण्णा, चाळिशी उलटलेल्या माणसाला असं विचारतं कोण? शेठला साडी वेळेवर पाहिजे, पोरांना फी पाहिजे. खेळायला आलास काय, हे शाळा सुटल्यापासून कुणी विचारलंच नव्हतं. आणि न येण्याची कारणं आमच्याकडं भरपूर, शिवाय सगळी खरी.

तुम्ही चिंचेच्या फांदीला विहिरीचं जुनं चाक बांधलंत, त्यावरून दोरी सोडून टोकाला वाळूची पोती लावलीत आणि एकेकाला ओढायला उभं केलंत. मी एकट्यानं दोन पोती उचलली. सात जण बघत होते ना! मग भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात आम्हाला दोरीला लावलंत. समोर राजहंसगड, पायाखाली ओलसर काळी माती. आम्ही ओरडत, दात ओठ खात ओढत होतो. ओढून झाल्यावर तुम्ही आमच्याकडं बघितलंच नाही. काठी टेकत टेकत टाचांच्या खुणा बघत गेलात. माझ्यापाशी थांबलात. "तुझा खड्डा कुठाय रे?"

तोंड वाकडं करायचं, मानेच्या शिरा फुगवायच्या आणि हात सैल सोडायचे, ही माझी जुनी युक्ती. आज कबूल करतो. मला तर ती युक्ती आहे हेसुद्धा तोवर नीट कळलेलं नव्हतं.

पुढं कॉलेजात शिकणाऱ्या भाच्यानं सांगितलं की रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतकी इंजिनिअरनं हेच मोजून 1913 साली छापलंय. आठ जण मिळून ओढायला लागले की एकेकट्याच्या जोराच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा जोर पडतो. काही जोर एकदम ओढ न लागल्यानं वाया जातो. पण 1974 मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी माणसाचे डोळे बांधले आणि मागं गडी ओढतायत असं भासवलं. मागं कुणी ओढत नव्हतं, तरी तो सैलावलाच! म्हटलं, आपल्या अण्णांना हे भातशेतात कळलं होतं.

दोन्ही दुखण्यांवर तुमचं औषध वेगवेगळं. मागाच्या खडखडाटानं आमच्यातल्या निम्म्यांचे कान गेलेले, हाक ऐकू येईना. म्हणून तुम्ही तांबडा टॉवेल घेतलात. टॉवेल खाली आला की आठ टाचा एकदम मातीत. आणि मला नेऊन शेवटी उभं केलंत, काखेतून पाठीवर आणि पाठीवरून खांद्यावर दोरी घेऊन. शेवटच्या गड्याला लपायला जागा नसते. ही शिक्षा आहे असं मला महिनाभर वाटत होतं. नंतर कळलं, त्या जागेला माणूस निवडून घेतात.

पुढच्या वर्षी त्याच जत्रेत पहिली फेरी मारली, दुसरीत हरलो. खाली बसल्याबद्दल पंचांनी दोनदा ताकीद दिली, दोन्ही माझ्यामुळं. आता तुम्ही सगळ्यांदेखत झाडणार म्हणून मी मान खाली घालून उभा. तुम्ही कसेबसे वाकलात, माझ्या टाचेच्या खड्ड्यात बोटं घातलीत. "चार बोटं," म्हणालात. "आता बरं हाय."

तुम्ही गेल्यापासून तिघं येईनासे झाले होते. गेल्या सोमवारी पहाटे त्यातल्या एकाच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यानं आतूनच शिवी हासडली, पण आला. टॉवेल माझ्याकडं आहे, तुमच्यासारखा झटका मात्र बसत नाही. सगळे थोडे उशिरानंच ओढतात.

चाकाला ग्रीस लावून ठेवलंय. तुळशीच्या लग्नानंतर शेत मोकळं होईल, तेव्हा चार दिवस काढून या.

तुमचा,
शेवटचा गडी