वेचणीला मजूर का मिळत नाहीत?

महोदय,

दसरा झाला, कापूस फुटला की आमच्या गावच्या पारावर दरवर्षी तेच ऐकू येतं: "फुकटनं खाईसन लोके माजी ग्यात." म्हणजे रेशनचं फुकट खाऊन लोक माजलेत, म्हणून वेचणीला येत नाहीत. सात एकर कोरडवाहू कापूस मीही लावतो आणि हे वाक्य मीही बोलत आलोय. यंदा जरा हिशेब मांडून पाहिला.

रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य, २०२३ पासून मोफत. पाच माणसांच्या घरात २५ किलो. उन्हातान्हात वेचणी करणाऱ्या घराला रोज अडीच किलो सहज लागतं, म्हणजे दहा दिवस निघाले. उरलेले वीस दिवस आणि तेल, डाळ, मिरची, दवाखाना? त्यात लाडक्या बहिणीचे १५०० मिळवा, दिवसाला ५० रुपये. एवढ्यावर कोण पाय पसरून बसेल?

गेल्या हंगामात वैतागून मी वेचणीला किलोमागे २ रुपये वाढवले. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शेतातली टोळी माझ्या बांधावर हजर. (शेजारी महिनाभर बोलला नाही.) कापसाला भाव नसताना ते २ रुपये कुठून काढले, ते माझं मला ठाऊक. पण त्यात रेशनच्या गव्हाचा काय दोष?

१९७२च्या दुष्काळात मी चौथीत होतो. आई खडी फोडायला जायची आणि कामावर मिळालेला सुकडीचा कोरडा खाऊ पदराला बांधून आणायची. तिला कोणी आळशी म्हटल्याचं आठवत नाही. त्या दुष्काळातल्या कामांमधूनच पुढे १९७७ साली आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला. आजही गावाजवळ वेळेवर काम निघालं आणि मजुरी हातात पडली, तर सातपुड्यातली कुटुंबं लेकरांची शाळा सोडवून ऊसतोडीला गुजरातेत कशाला जातील?

रेशनच्या योजनेने नुकसान होतं ते वेगळ्याच जागी. माझ्याकडे वेचणीला येणाऱ्या एका म्हातारीचा अंगठा रेशन दुकानातल्या आधारच्या मशीनवर उठत नाही. बोंडाच्या काट्यांनी बोटं झिजली आहेत. ओटीपी घ्यायला मोबाईल नाही. दोनदा धान्य न घेता परतली आणि दोन्ही दिवसांची मजुरी बुडाली. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. इतक्या वर्षांत झिजलेल्या बोटांची सोय प्रत्येक दुकानात व्हायला हवी होती.

आणि पारावरच्या मंडळींबद्दल, म्हणजे माझ्यासकट. पीएम किसानचे वर्षाला ६००० आणि राज्याच्या नमो सन्मानचे ६००० आम्ही सगळेच घेतो. हप्त्याची तारीख जवळ आली की त्याच पारावर एकमेकांना विचारणं सुरू होतं, "तुले उना का?" (तुला आला का?)

– एक कापूस उत्पादक, ता. अमळनेर, जि. जळगाव