एकट्या राजाची बुर्जी

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर मी स्पर्धेतल्या बुद्धिबळाच्या डावाला ‘बरोबरी’ म्हटलं, तर बाबा, तुम्ही “म्हणजे जिंकली नाहीसच” म्हणालात आणि फोन आईच्या हातात दिलात. म्हणून हे पत्र.

समोर तेरा वर्षांचा मुलगा होता. खेळाची ताकद मोजणारं त्याचं रेटिंग २०१०, माझं १६१२. एवढ्या फरकाला शंभर डावांत माझ्याकडून जेमतेम आठ गुणांची अपेक्षा असते. सुरुवातीचं सांगण्यासारखं काही नाही, मार खाल्ला. साडेतीन तासांनी त्याच्याकडे उंट आणि जी, एच या कडेकडच्या उभ्या ओळींतली दोन प्यादी उरली होती. माझ्याकडे एक घोडा. आणि तेव्हा दिसलं की त्याचा उंट फक्त पांढऱ्या घरांतून चालणारा आहे आणि एचचं प्यादं जिथे वजीर होणार तो कोपरा काळा! हातच गार पडले. मी जीचं प्यादं घोड्याने मारलं. त्याने लगेच घोडा उचलला, खुशीत.

मग माझा राजा एकटा. एच८ म्हणजे तोच कोपरा, मग शेजारचं जी८, परत एच८. कोपऱ्यातून त्याला हुसकायचं कोणी? उंट त्या घराला शह देऊच शकत नाही. मी बरोबरी विचारली, पोराने नुसती मान हलवली. खेळत राहिला. शेवटी प्यादं एच७ वर आलं आणि माझ्या राजाला शहही नाही, हलायला घरही नाही. म्हणजे डाव बरोबरीत. तुम्ही म्हणता तशी बुर्जीच, बाबा.

निकालपत्रकावर त्याने अर्धा गुण लिहिला तो कागद फाटेल इतकं पेन दाबून. माझ्या रेटिंगचे ८.४ गुण वाढले, त्याच्या रेटिंगचे १६.८ गेले, अठराच्या आतल्या मुलांना गुणक दुप्पट लागतो. दारात त्याची आई उभी होती. “ड्रॉ,” तो म्हणाला. “म्हणजे जिंकला नाहीस,” ती म्हणाली. अगदी तुमच्याच सुरात. तो चप्पल घालत राहिला, वर बघितलं नाही.

आई, डबा पुरला, पाठ दुखत नाहीये. आपल्या पटावर हरवलेल्या उंटाच्या जागी तुझ्या खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण आहे ना अजून? टाकू नकोस. दिवाळीत आले की बाबा, हाच शेवट मांडू. झाकण पांढऱ्या घरात ठेवायचं, आणि ती बाजू तुमची.

तुमची,
मनू